अडलेला कॉम्प्युटर, राहिलेला पदर

बाबा, तुमच्या मागावर सध्या ताई बसते. सकाळी डोळ्यांत औषधाचे थेंब घालते, जरा वेळ मिटून बसते, मग लुगड्याचा पदर खोचून मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडते ते थेट जेवायलाच उठते. तिला काचबिंदू झालाय. नागपूरच्या डॉक्टरने आडपडदा न ठेवता सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा. ताई म्हणते, नळीतून पाहिल्यावानी दिसते, मधातलं दिसते न् बाजूचं सारं गेलं. त्या उरलेल्या नजरेत तिला एक लुगडं विणायचं आहे. तुम्ही मायसाठी विणलं होतं तसंच, कोशाच्या रेशमाचं, करवतीच्या दातांसारख्या काठाचं आणि त्याच पदराचं. दुसरं काही मागत नाही ती. मी एकदा म्हणून पाहिलं की ताई, डोळ्यांना ताण पडेल. तर म्हणाली, "मंग डोळे काय लोणच्यात घालाचे का?" आणि तेच लुगडं माझ्या कॉम्प्युटरपायी पदराशी येऊन अडलं, ते तुम्हाला सांगायचं आहे. दुसऱ्या कुणाला सांगायला गेलो तर अर्ध्यातच जांभया देतील.

मायचं ते लुगडं मायसोबत गेलं. तिनेच सांगून ठेवलं होतं, मले त्याच लुगड्यात न्या. आम्ही तसंच नेलं. पण त्याच्या आधी, ती आजारी असताना, मी एक काम करून ठेवलं होतं. तिच्या उशाशी बसून, भिंग घेऊन, त्या पदराचा एकेक धागा मोजला आणि कॉम्प्युटरवर चौकटी आखून त्यात रंग भरला. कुठे धागा वर, कुठे खाली. माय मधेच डोळे उघडून विचारायची, "काय शोधून राहिला रे?" मी म्हणायचो, बाबाचं डोकं. ती हसायची. म्हणायची, सापडलं तं मलेही सांगजो.

कॉम्प्युटर तुम्ही पाहिला नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा मी भंडाऱ्याला शिकतच होतो. आता तिथल्याच एका कॉलेजच्या लॅबमध्ये पंचवीस-तीस कॉम्प्युटर सांभाळतो आणि रोज आंधळगावहून जाऊन-येऊन करतो. घरातला कॉम्प्युटर जुना आहे. नेहमीचं विंडोज त्याला झेपेना, म्हणून मी त्यात लिनक्स घातलं. म्हातारा बैल हलक्या गाडीला जुंपतो तसं. बटण दाबलं की तो झोपेतून उठतो, आपले हातपाय जागेवर आहेत का ते एकेक करून पाहतो आणि मग कामाला लागतो. उठताना काय काय शोधायचं याच्या सूचना एका फाईलमध्ये लिहिलेल्या असतात. पदराचं चित्र मी एका वेगळ्या डिस्कवर ठेवलं होतं. डिस्क म्हणजे तळहाताएवढी डबी, बाहेरून वायरने जोडायची. तिला नाव द्यावं लागतं. मी "बाबा" असं दिलं. ती डबी जुनाट होती, जागी व्हायला फार वेळ घ्यायची, आणि तेवढ्यात कॉम्प्युटर कंटाळून पुढे निघून जायचा. मला राग यायचा. म्हणून मी त्या फाईलमध्ये लिहून टाकलं की "बाबा" सापडेपर्यंत थांब. कितीही वेळ लागो.

दिवाळीच्या आधी ती डबी टकटक आवाज करायला लागली. असा आवाज आला की समजायचं, हिचं भरलं. मी घाईघाईने तिच्यातलं सगळं कॉम्प्युटरच्या पोटातल्या डिस्कवर उतरवून घेतलं आणि डबी काढून देवळीत ठेवली. पुढच्या दोन-तीन दिवसांत ती कायमची मुकी झाली. पण त्या फाईलमधली ओळ मी काढली नाही. विसरलो म्हणालो तर खोटं होईल. माझं बोट पुसायच्या बटणावर होतं, आणि मी मनात म्हटलं, असू दे, नवी डिस्क आली की या ओळीलाच जोडू. दुसऱ्या कुणी ती ओळ डोळे मिटून पुसली असती. माझ्या हातून नाही पुसली गेली, आणि त्याचं कारण तुम्ही आहात.

दसरा आठवतो का? मागाची पूजा असायची. मी तिसरी-चौथीत असेन. माय अंगण सारवत होती, ताई झेंडूच्या माळा ओवत होती, आणि मला वाटलं आपण माग साफ करावा. आदल्या दिवशीच लुगडं उतरलं होतं. फणीत आणि दोऱ्यांच्या फासांत जुन्या ताण्याची हातभर टोकं लोंबत होती, मला ती गबाळी वाटली. मायची कात्री घेतली आणि सगळी कापून, ओढून, गोळा करून केरात टाकली. तुम्ही ओल्या अंगाने, कमरेला पंचा लावून पूजेला आलात आणि मागाकडे पाहून थिजलात. मग जे तोंड सुटलं तुमचं! "अरे लेकाच्या, मागाले मोकळा करत असतेत का? जुन्याले नवा जोडाचा असते! आता हे सारे धागे कोन ओवन, तुहा आजा?" नव्या ताण्याचा एकेक धागा त्या जुन्या टोकाला राख लावून पिळायचा, म्हणजे तो आपोआप फासांतून आणि फणीतून ओढला जातो, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं! त्या दिवाळीला आमच्या घरी माग बंद होता. तुम्ही एका बाजूला, माय दुसऱ्या बाजूला, आणि हजारो धागे पुन्हा ओवत बसलात. माय धागा पुढे करायची, तुम्ही आकडीने ओढून घ्यायचात, आणि प्रत्येक धाग्यामागे मला एक शिवी. शेवटी शिव्या संपल्या तेव्हा तुम्ही गाणं म्हणायला लागलात, तेही बेसूर. मला तुमच्या शिव्याच बऱ्या वाटल्या. तेव्हापासून जुनं टोक कापायचं म्हटलं की माझा हात आखडतो. तुम्ही गेल्यावर माग बंद पडला, पण तुमच्या शेवटच्या ताण्याची टोकं आम्ही तशीच ठेवली. ताईने यंदा तिचा ताणा त्यांनाच जोडला. मागाच्या बाबतीत तुमचं बरोबरच होतं. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र ही अक्कल मला चांगलीच महागात पडली.

कारण दिवाळी झाली, गावोगाव मंडईच्या जत्रा सुरू झाल्या, आणि एका सकाळी लाइट गेली ती तासाभराने आली. डबी काढल्यापासून कॉम्प्युटर मी एकदाही पूर्ण बंद केला नव्हता, नुसता झोपवून ठेवायचो. आता बटण दाबलं तर पडद्यावर लिनक्सचं चिन्ह आलं, खाली गोल गोल फिरणारे ठिपके आले, आणि बस्स. पुढे काही नाही. ठिपके फिरताहेत, फिरताहेत. ताईने आतून विचारलं, "उठला का रे तुहा मशीन?" मी म्हटलं, उठते. मिनिटभर पाहिलं आणि बटण दाबून बंद केला. परत चालू. परत तेच. ताईचा काठ हातात बसला होता, तो तिला बघावाही लागत नव्हता, पण आता पदर सुरू करायचा होता आणि पदराचं चित्र त्या पेटीत अडकून बसलं होतं. कागदावर मी ते कधी छापलंच नव्हतं. काहून नाही छापलं, विचारा. उद्या छापू, उद्या छापू. माझा सारा जन्म या उद्यात गेलाय.

मला वाटलं, लाइट येता-जाता झटका बसला आणि आतली डिस्क जळाली. ती जळाली असेल तर पदर संपला, तुम्ही त्याची नक्षी कागदावर कधी काढलीच नव्हती, या जगात तो दुसरीकडे कुठेच नाही, हे डोक्यात आलं आणि मी पेचकस हातात घेतला. पेटी उघडली. धूळ झटकली. आतल्या पट्ट्या काढून, पुसून परत बसवल्या. एक बटणाएवढा सेल असतो, तो काढायला तुमची आकडी घेतली. हो, तीच. भंडाऱ्याला शिकायला निघालो तेव्हा एसटी स्टँडवर तुम्ही ती माझ्या खिशात घातली होती आणि म्हणाला होतात, "मागावर नाही बसणार ना तू? तरी ठेव. कुठं ना कुठं धागा अडकतेच." मला तेव्हा ती भेट कंजूषपणाची वाटली होती, बाकीच्या पोरांना घड्याळं मिळाली होती. सेल निघाला, परत बसला, आणि ठिपके फिरतच राहिले. पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करून आत डोकावता आलं असतं, पण पेनड्राइव्ह भंडाऱ्याच्या लॅबमध्ये, लॅबची किल्ली शिपायाजवळ, आणि शिपाई त्याच्या गावच्या मंडईत दंडारीचा खेळ पाहायला गेलेला. फोन लावला तर मागून ढोलकीच ऐकू येते. "साहेब, उद्या येतो नं!" उद्या! मी फोन जवळजवळ आपटलाच. तासन् तास हेच चाललं. चालू कर, मिनिटभर बघ, बंद कर. उठ, चकरा मार, परत बस. शेजारची काकू कुंपणावरून म्हणाली, "याले काय मुंग्या चावल्या का?" ताई म्हणाली, "नाही वो काकू, बाबावर गेला." खरंच आहे. मागाच्या बाहेर तुम्हाला एका जागी बसलेलं मी कधी पाहिलं नाही.

दुपार टळली तरी मी जेवलो नव्हतो. ताई मागावरून उठली, चाचपडत आली आणि माझ्या दंडाला धरून म्हणाली, "चाल, जेवून घे. तो उठला तं उठला, नाही तं काय उपाशी मरशीन का त्याच्या मांगं?" मी बटण न दाबताच उठलो. त्या दिवशी पहिल्यांदा ठिपके फिरत ठेवून मी उठलो. स्वयंपाकघरात लाखोळीची डाळ होती, भात होता, आणि ताईने वाढताना मायसारखंच पातेलं हातातल्या हातात हलवलं. तुम्ही लुगडी घेऊन नागपूरच्या बाजारात जायचा, त्या दिवसांचं मला आठवलं. यायची वेळ नक्की नसायची. मोहाडीच्या रस्त्यावर गाडी दिसली की आम्ही धावायचो, तुम्ही नसायचा, परत यायचो. भूक लागलेली असायची पण तुमच्याशिवाय बसायचं कसं? माय चुलीपुढून ओरडायची, "बसा रे पोट्टेहो, भात गार होते. ते आले तं आले." पण चारही ताटं मांडायची. तुमचं ताट पाटापुढे पालथं घातलेलं असायचं, आणि आम्ही त्याच्या बाजूला बसून पोटभर जेवायचो. तुम्ही आलात की ताट सुलटं करायचं, एवढंच काम उरायचं. तुम्ही गेल्यावर तिने ते ताट मांडणं कधी बंद केलं, हे मात्र मला काही केल्या आठवत नाही.

हात धुऊन परत आलो तर ठिपके अजून फिरतच होते. मी नुसता बघत राहिलो आणि एकदम कपाळावर हात मारला. अरे गाढवा, तो जळाला असता तर फिरला कशाला असता? तो मेलेला नाही, थांबलाय. कशासाठी तरी थांबलाय. आणि चिन्हाच्या पडद्याआड तो काय म्हणतो आहे ते मी विचारलंच नाही. लॅबमध्ये पोरांना रोज शिकवतो की आधी पडदा काढा आणि मशीन काय म्हणतं ते वाचा. घरी आलो की शिकवणी खुंटीला. मी कोपऱ्यातली कळ दाबली, चिन्ह गेलं, काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी आल्या. शेवटची ओळ एका जागी लुकलुकत होती. इंग्रजीत होती, तुम्हाला मराठीत सांगतो. "बाबा"साठी थांबलो आहे. पुढे किती वेळ झाला तो आकडा, सेकंदासेकंदाने वाढणारा. आणि त्याच्यापुढे, मर्यादा नाही.

बाबा, मी खुर्चीत बसलो आणि ती ओळ परत वाचली. आतून मागाचा आवाज थांबला. ताईने विचारलं, "काय म्हनते?"

"वाट पाहून राहिला."

"कोनाची?"

"बाबाची," मी म्हटलं.

ती दारात येऊन उभी राहिली, पडद्याकडे तोंड करून, जरी तिला ती अक्षरं दिसणार नव्हती. मी तिला डिस्कचं नाव सांगितलं, फाईल सांगितली, माझी ती ओळ सांगितली. डोळे पुसत होतो आणि सांगत होतो, लाज कसली? ताई म्हणाली, "मंग आता काय करतं?"

"ते नाव पुसून टाकतो. मंग उठते तो."

ती जरा वेळ दाराच्या चौकटीवर बोट घासत राहिली. "पुसू नको," म्हणाली. "त्याले सांग, काम सुरू कर म्हना. आले तं आले."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो, कारण तसं खरोखरच सांगता येतं. कॉम्प्युटरमध्ये मागच्या दाराने शिरायची एक वाट असते, तिने आत गेलो, फाईल उघडली, तुमच्या ओळीपर्यंत आलो. "मर्यादा नाही" तेवढं काढलं आणि एक छोटा शब्द घातला, नोफेल. त्याचा अर्थ, सापडलं तर जोड, नाही सापडलं तर अडू नको. हा शब्द मला कितीतरी वर्षांपासून ठाऊक आहे, पोरांना मी तो शिकवलाय. तुमच्या ओळीत तो घालावा असं मात्र कधी सुचलं नव्हतं. फाईल बंद केली, कॉम्प्युटर परत चालू केला, आणि तो उठला. पदराचं चित्र जसंच्या तसं होतं, मायच्या उशाशी बसून भरलेला शेवटच्या कोपऱ्यातला रंगसुद्धा. मी आरोळी ठोकली. काकू कुंपणावर आली. ताई म्हणाली, "आता बोंबलू नको, छाप."

छापलं. जेवढं मोठं छापता येईल तेवढं मोठं, कागदाला कागद चिकटवून. ताईने तो कागद मागासमोर टांगला, मान इकडे केली, तिकडे केली, जवळ गेली, लांब आली. आणि मग शांतपणे म्हणाली, "नाही दिसत रे." एक चौकट दिसते तर शेजारची दिसत नाही. मागच्या महिन्यापर्यंत दिसत होतं म्हणते. मग कळलं की काठही ती बोटांनीच विणत होती, आणि हे तिने मला कळू दिलं नव्हतं. एवढा आटापिटा करून चित्र हाताशी आलं, आणि आता डोळे नाहीत! मी रागाने काहीतरी बोलणार होतो, देवाला नाही तर डॉक्टरला, तेवढ्यात तीच म्हणाली, "वाच ना मंग. लहानपनी बाबाले वाचून नव्हता दाखवत का?"

वाचायचो. शाळेतून आलो की तुम्ही मला मागाजवळ बसवायचात, नक्षीचा कागद माझ्या हातात, आणि मी ओरडायचं, तीन उचल, दोन सोड, एक उचल. बाहेर पोरं गोट्या खेळायची आणि माझा जीव वर-खाली व्हायचा. मी घाईघाईने वाचायचो, तुम्ही म्हणायचात, "गाडी सुटून राहिली का तुही?" मला त्या कामाचा भयंकर कंटाळा होता. आज पन्नाशी उलटून गेली आणि मी परत त्याच जागी, त्याच पाटावर बसतो. कॉलेजातून आलो की चहा घ्यायचा आणि वाचायला बसायचं. तीन उचल, दोन सोड. ताईचे हात धागा शोधतात, धोटा जातो, फणी बसते. माझा पाय हलत राहतो, ती म्हणते, पाट हलून राहिला, पाय आवर. पदर पाऊण झाला आहे. करवतीचे दात नीट जुळलेत, मी बोट फिरवून पाहिलं. डॉक्टरकडे पुढच्या वेळी जाताना ती हेच लुगडं नेसणार आहे, "पाहू दे त्याले," म्हणते.

हे मी त्याच कॉम्प्युटरवर लिहितो आहे. छापणार नाही, छापून कुठे देणार? तुमच्या नावाची डिस्क जिथे जोडली जायची ती जागा अजून आहे, रिकामी, तिथेच हे ठेवून देतो. एक गोष्ट मात्र ताईलाही सांगितलेली नाही. चिन्हाचा तो पडदा मी कायमचा काढून टाकला आहे. सकाळी बटण दाबतो तेव्हा पांढऱ्या ओळी भरभर वर सरकतात, त्यांत एकदा तुमचं नाव येतं. तो तुम्हाला शोधतो, तुम्ही सापडत नाही, आणि तो पुढच्या कामाला लागतो. त्याला पुढे जायला क्षणभरच लागतो. मला जरा जास्त लागतो.